सावळखुट्याचे बीटी मासे

सातवीच्या वर्गात मासे पाळायचे हा विचार सुचिता मॅडमच्या डोक्यात आला, त्या दिवशी वर्गात एकेचाळीसपैकी अकरा मुलं हजर होती. बाकीची तीस कापूस वेचायला गेली होती. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती, वावरं पांढरीफेक झाली होती आणि सावळखुट्यात ज्याला दोन हात होते तो माणूस त्या महिन्यात घरी किंवा शाळेत सापडणं कठीण होतं.

मॅडम फळ्यावर माशाची आकृती काढून कल्ल्यांना बाण दाखवत होत्या. पुढच्या बाकावरची यास्मीन बराच वेळ त्या आकृतीकडे बघत होती. शेवटी तिनं हात वर केला.

"मॅडम, हा मासा श्वास घेऊन राह्यला का मेलेला आहे?"

मॅडमनी मागं सरून पाहिलं. डोळा जरा वरच्या अंगाला गेला होता, तोंड उघडं राहिलं होतं. डी.एड.ला असताना चित्रकलेत त्यांना शिल्ड मिळालेली होती, आणि ती शिल्ड धामणगाव बढ्यातल्या त्यांच्या घरी टीव्हीवर ठेवलेली होती. तरी पण खरं सांगायचं तर मासा मेलेलाच दिसत होता.

"उद्यापासून खरा मासा दाखवते," मॅडम म्हणाल्या. रागाच्या भरात माणूस काहीही बोलून जातो. पण वर्गातली अकराही मुलं एकदम सरळ बसली, तेव्हा मॅडमना कळलं की आता सुटका नाही.

शाळेच्या मागं सिमेंटचा एक हौद होता. कोणे एके काळी नळयोजनेसाठी बांधलेला. नळ आलेच नाहीत, म्हणून त्यात मोडके बाक ठेवले होते. बाक काढले, हौद घासला, चार दिवस पाणी भरून ठेवलं की झालं, असं मॅडमना वाटलं. त्यांनी तसं हेडसरांना सांगितलं.

हेडसर म्हणजे उकंडराव. जूनमध्ये निवृत्त होणार होते. तेहतीस वर्षांच्या नोकरीत त्यांना कधी लेखी खुलासा द्यावा लागला नव्हता, आणि उरलेले सात महिने त्यांना तसेच काढायचे होते. यासाठी ते कशावरही सही करण्याआधी कागद उलटा करून मागची बाजू वाचत.

"मासे आणा," ते म्हणाले, "माहं काही नाही. पण ते कोणत्या रजिस्टरले घेऊ? डेड स्टॉकले घ्यावं, तं ते जिवंत आहेत. वापरून संपणाऱ्या वस्तूंत घ्यावं, तं वर्षाअखेरी खाल्ले म्हणून लिहा लागते."

मॅडमच्या बी.एस्सी.ला हा भाग नव्हता.

"तालुक्याहून लेखी आणा," हेडसर म्हणाले.

मॅडम तालुक्याला गेल्या. तिथल्या एका कार्यालयात त्यांना दुसऱ्या कार्यालयात पाठवलं, दुसऱ्यानं तिसऱ्यात, आणि तिसऱ्यातला कारकून फार सज्जन माणूस निघाला. त्यानं त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि तळ्याचा सातबारा मागितला.

"तळं नाही, हौद आहे."

"हौदाचा सातबारा नसते," कारकून विचार करत म्हणाला. "पाण्याचं क्षेत्र किती?"

"बारा बाय आठ."

"एकर?"

"फूट."

कारकुनानं पेन खाली ठेवलं. एवढं लहान क्षेत्र कोणत्याच योजनेत बसत नव्हतं, आणि जे योजनेत बसत नाही त्याला परवानगी द्यायची तरी कशी. पण मॅडम सकाळपासून तीन मजले चढून-उतरून आल्या होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघून त्या माणसाला काय वाटलं कोण जाणे. त्यानं अर्जावर स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं: 'शैक्षणिक साहित्य (पोहणारे), नग २००. हरकत नाही.' खाली शिक्का मारला. हेडसरांनी तो कागद उलटा-सुलटा तीनदा वाचला, 'साहित्य' या शब्दावर बोट ठेवलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

आता मासे आणायचे. हे काम गफ्फार चाचांनी अंगावर घेतलं. धामणगावात मॅडमच्या शेजारी त्यांचं फवारणी पंप विकण्याचं आणि दुरुस्तीचं दुकान होतं, आणि पंचक्रोशीत असं एकही धरण, नाला किंवा बंधारा नव्हता जिथं त्यांचा कोणी ओळखीचा नाही. नळगंगा धरणावरच्या एका ओळखीच्याकडून बोटाएवढी रोहू-कटल्याची पिल्लं मिळणार होती. हवा भरलेल्या प्लास्टिकच्या दोन पिशव्यांमधून ती यायची होती.

पहिली पिशवी धरणावरच फुटली, तिच्यातली पिल्लं दुसरीत घातली. रस्त्यात दुसरी गळायला लागली. चाचांनी डोकं शांत ठेवून धामणगावातल्या आपल्या घरासमोर गाडी थांबवली आणि अजीजुन्निसा चाचींकडून बिर्याणीची मोठी देग मागून घेतली. पाणी भरून दोनशे पिल्लं देगेत गेली. चाचांच्या मोपेडवर देग बसेना, म्हणून ती शाळेला निघालेल्या मॅडमच्या मांडीवर ठेवून त्यांना सावळखुट्याच्या काळीपिवळी जीपमध्ये बसवण्यात आलं.

"बेटा," चाची खिडकीशी वाकून हळूच म्हणाल्या, "रोहूले आधी हळद-मीठ लावून अर्धा घंटा ठेवजो. आन् तेल चांगलं तपू देजो."

"चाची, हे शिकवायला आहेत."

"हाव, हाव. शिकवून झाल्यावर."

काळीपिवळीत चौदा माणसं होती. देगेवर फडकं बांधलेलं, आतून अधूनमधून डुबुक असा आवाज. पहिले दोन किलोमीटर सगळ्यांनी कान देऊन तो आवाज ऐकला. मग समोरच्या आजोबांनी विचारलं, "कोणाचं लगन आहे, मॅडम?" मॅडमनी त्यांना जलचर प्राण्यांविषयी थोडक्यात सांगितलं. आजोबांनी ऐकून घेतलं, आणि उतरताना जोडीदाराला म्हणाले, "रस्सा पातळ दिसते."

मासे मात्र आले, हौदात सोडले गेले, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात सव्वीस मुलं होती. मॅडमनी नियम केला: जो तीन दिवस सलग हजर राहील त्यालाच खाद्य टाकायची पाळी मिळेल. चौथ्या दिवशी अडतीस झाली. मुलं काडीला दोरा बांधून पाण्याची खोली मोजत, थर्मामीटर बुडवत, कल्ले मिनिटाला किती वेळा उघडतात ते मोजत आणि त्यावरून भांडत. दर शनिवारी हेडसर शैक्षणिक साहित्याची मोजणी करायला येत. हातात यादी, डोळ्यांवर चष्मा. "एकशे बारापर्यंत आलो होतो," ते यास्मीनला तक्रारीच्या सुरात सांगत, "तं सारे फिरून गेले." एका जागी राहायची शिस्त त्यांना माशांमध्ये अजिबात दिसली नाही.

पाचव्या दिवशी तानुबाई आल्या.

तानुबाईंचं तीन एकर वावर शाळेला लागूनच होतं. साठी उलटलेली बाई, नऊवारी खोचलेली, हातात विळा नव्हता तरी असल्यासारखा वाटे. त्या वर्गाच्या दारात उभ्या राहिल्या.

"मॅडम, माह्या वेचणीचे हात तुमी हौदात टाकले," त्या म्हणाल्या. "माही नातीन येत नाही, शेजारचे पोट्टे येत नाहीत. बोंडं फुटून खाली पडून राह्यले. मी एकटी काय काय वेचू?"

मॅडमनी तयार ठेवलेलं भाषण होतं. शिक्षणाचा हक्क, बालकांचं भवितव्य वगैरे. पण तानुबाईंच्या बोटांना वाळल्या बोंडांच्या कडांनी पडलेल्या चिरा त्यांना दिसल्या आणि त्यांनी भाषण सोडून दिलं.

"आजी, बघा तरी मुलं काय करतात ते," त्या म्हणाल्या.

तानुबाई हौदाशी गेल्या. नातीनं त्यांना ढेप, म्हणजे सरकीची पेंड, टाकून दाखवली. पाणी उकळल्यासारखं झालं, चंदेरी पाठी वर आल्या आणि गेल्या. तानुबाई कठड्यावरून वाकल्या.

"हे बी कोठून आणलं?" त्यांनी विचारलं.

"मत्स्यबीज? नळगंगेवरून."

"खाते काय?"

"सरकीची ढेप. थोडा तांदळाचा कोंडा."

तानुबाईंनी मान हलवली आणि निघून गेल्या. मॅडमना वाटलं, प्रकरण मिटलं.

तेव्हा बीटी कपाशी येऊन तीन-चार वर्षं झाली होती. गावात सरकी म्हटलं की बीटीची, बी म्हटलं की पाकिटातलं, आणि पाकीट म्हटलं की दरवर्षी नवं. त्यामुळे संध्याकाळपर्यंत पारावर जी बातमी पोहोचली तिच्यात चूक म्हणावी अशी फारशी नव्हती, फक्त शब्द जवळजवळ आले होते. मॅडमनी नवं बीज आणलं, ते बीटीच्या सरकीवर वाढते, आणि हप्त्याभरात बोटाएवढं होते. शाळेत बीटी मासे आले.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सात शेतकरी आले. तिसऱ्या दिवशी वीस. त्या साली कापसाचं काही खरं नव्हतं. पाऊस आधी आलाच नाही आणि मग थांबलाच नाही, आणि खाली मान घालून चालणाऱ्या माणसांना नवीन काहीतरी निघालं आहे एवढं कळलं तरी पुरे होतं. ते हौदाभोवती उकिडवे बसत आणि मॅडमना विचारत.

"याच्यावर अळी पडते का?"

"नाही, हे मासे आहेत."

"म्हणजे फवारणी लागत नाही?"

"फवारणी केली तर मरतील."

हे ऐकून मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं. ज्याला फवारणीच लागत नाही असं पीक त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं.

"आन् बी घरचं धरता येते, का दरसाल विकत घ्या लागते?"

मॅडमनी मान वर करून पाहिलं. विचारणारा हसत नव्हता.

मग त्यांनी त्या दुपारी गणिताचा तास सोडून दिला. मागच्या बाकांवर शेतकरी, दाराच्या उंबऱ्यावर तानुबाई, पुढं मुलं. फळ्यावर कपाशीचं झाड काढलं, त्यावर बोंडअळी काढली, आणि बीटी म्हणजे काय ते पहिल्यापासून सांगितलं. मातीतला एक जिवाणू, त्याचा एक गुण, तो कपाशीत कसा घातला, तिच्यातलं विष अळीच्या पोटात जाऊन काय करतं. सांगता सांगता प्रमाण मराठी कधी सुटली आणि त्या "अळी पान खाते, मंग तिचं पोट फुटते" असं कधी बोलायला लागल्या ते त्यांना कळलंही नाही. चार वर्षं पाकीट फोडून पेरणाऱ्या माणसांना त्या पाकिटात काय होतं हे पहिल्यांदाच कोणीतरी सांगत होतं.

"आणि हे मासे साधे आहेत," मॅडमनी शेवटी सांगितलं. त्यांना अपराध्यासारखं वाटत होतं. "रोहू आणि कटला. नदीत असतात तेच."

मग तानुबाई म्हणाल्या, "साधेच आहेत? बरं झालं. साध्याचं मले समजते."

एवढ्यावर थांबलं असतं तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. पण लोकांना सवय लागली होती. सकाळी वावरात जाताना आणि संध्याकाळी परत येताना माणसं हौदाशी थांबायची आणि रिकाम्या हातानं कशी थांबणार. कोणी मुरमुरे टाकले, कोणी भाकरीचा तुकडा, कोणी ओंजळभर ढेप. शाळेतली उरलेली खिचडी पण जायला लागली. कोणीतरी कठड्याला हळदकुंकू लावून गेलं. मॅडमनी 'खाद्य टाकू नये' अशी पाटी लावली, तर लोक पाटी वाचायला थांबायचे आणि वाचून झाल्यावर काहीतरी टाकायचे.

त्याच आठवड्यात एका पेपरात चार ओळींची बातमी आली. 'सावळखुटा येथे बीटी माशांची शेती?' प्रश्नचिन्ह होतं, पण बारीक होतं. दोन दिवसांनी हेडसरांच्या टेबलावर लिफाफा आला. शाळेत विनापरवाना जनुकीय वाणाची चाचणी चालू असल्याचं समजतं, तरी सोमवारी चौकशी अधिकारी येत आहेत, लेखी खुलासा तयार ठेवावा.

उकंडराव हेडसरांनी कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती. ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "तेहतीस वर्षं, मॅडम. कॉपीचं प्रकरण झालं, भिंत पडली, जनगणना झाली. खुलासा नाही. आन् आता माशांपायी."

मॅडम त्या दोन रात्री नीट जेवल्या नाहीत. नवऱ्यानं, राजकुमारनं, धीर द्यायचा म्हणून "फार तर बदली होईल" असं सांगितलं, आणि त्यानंतर तोही नीट जेवला नाही.

सोमवारी सकाळी शाळा उघडली तर मासे वर आले होते. सगळे. पृष्ठभागावर तोंडं काढून आ-आ करत होते. पाणी हिरवट, वास आंबूस. पाच-सात पिल्लं उलटी झालेली. यास्मीननं पाण्यात हात घातला, वास घेतला आणि पळत वर्गात आली.

"मॅडम, खाणं सडलं. सडताना पाण्यातला ऑक्सिजन खाऊन टाकला. तुमीच सांगितलं होतं."

मॅडमनी सांगितलं होतं खरं. पण पुस्तकातलं वाक्य असं आपल्या डोळ्यांदेखत तोंड उघडून तडफडेल असं त्यांना वाटलं नव्हतं. घरून हवेचा छोटा पंप आणलेला होता, तर भारनियमनात वीज सकाळी सहाला गेलेली, ती दुपारी दोनपर्यंत येणार नव्हती.

"खराब पाणी उपसा," मॅडम ओरडल्या, "नवं आणा, आन् उंचावरून वता. हवा मिसळू द्या."

मुलं घराकडे धावली आणि तांबे, बादल्या, घागरी घेऊन परत आली, आणि मुलांच्या मागोमाग माणसं आली. वावरात निघालेले तिथूनच वळले. विहिरीपासून हौदापर्यंत रांग लागली. एक जण पाठीवर फवारणी पंप अडकवून आला आणि म्हणाला, यानं मारतो हवा. तर सातवीतली चार मुलं त्याच्यापुढं आडवी झाली. "काका, त्याच्यात औषध होतं. नाही म्हणजे नाही." तो माणूस ओशाळून मागं सरला आणि बादली उचलायला गेला. मॅडमच्या घरी निरोप गेला, तिथून चाचांकडे, आणि वीस मिनिटांत गफ्फार चाचा मोपेडवर आले. पुढ्यात खोकं होतं. त्यांनी दुकानातला कोरा पंप, अजून प्लास्टिकही न काढलेला, तिथंच फोडला, साधं पाणी भरलं आणि हौदावर बारीक तुषार मारायला लागले.

या सगळ्या गोंधळात अकरा वाजता चौकशी अधिकारी आले. तरुण होते, इस्त्रीचा शर्ट, हातात प्रपत्र. त्यांच्याकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही. हेडसर धोतराचा सोगा खोचून तांब्यानं पाणी ओतत होते आणि अंक मोजत होते. साहेब थोडा वेळ कडेला उभे राहिले. तेवढ्यात तानुबाईंनी भरलेला तांब्या त्यांच्या हातात दिला.

"उभा काऊन राह्यला बापू? वत ना. वरून वत."

साहेबांनी प्रपत्र खिशात घातलं आणि ओतलं. मग आणखी ओतलं. अर्धा-पाऊण तासानं पहिला मासा खाली गेला, मग दुसरा, मग एकदम पाणी मोकळं झालं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे नुसते हौदाकडे बघत, भिजलेल्या कपड्यांत उभे राहिले आणि एकमेकांना हसले.

मग साहेबांना कामाची आठवण झाली. प्रपत्र भिजलेलं होतं. हेडसरांनी स्वतःला सावरलं.

"हे मासे बीटी आहेत का?" साहेबांनी विचारलं.

हेडसरांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी वर्गाकडे पाहिलं. यास्मीन पुढं आली.

"साहेब, बीटी म्हणजे मातीतला जिवाणू असते. त्याचा गुण कपाशीत टाकला, तं बोंडअळी ती कपाशी खाऊन मरते. माशाले बोंडअळी होत नाही," ती म्हणाली, आणि जरा थांबून, साहेबांना नीट कळावं म्हणून, "माशाले बोंडच नाही."

साहेबांनी हे जसंच्या तसं लिहून घेतलं. पुढचा रकाना होता, उत्पादक कंपनी. "नळगंगा," हेडसर म्हणाले. कीडनाशकाचा वापर. चार मुलं एकदम "नाही" म्हणाली. साहेब जाताना हेडसरांना म्हणाले की खुलासा मात्र लागेल, फाइलला एक कागद लागतोच.

हेडसरांनी तो त्याच दुपारी लिहिला. मॅडमना वाटलं होतं ते खचतील, पण पहिलं पान संपलं तरी ते लिहीतच होते. चार पानं भरली. हौद, देग, ढेप, हवा, सगळं आलं. शेवटी वाचून दाखवताना त्यांचा आवाज चढला होता. "आधी कोणी मागितलाच नाही," ते म्हणाले, "नाहीतं मले जमत होतं."

मासे मार्चपर्यंत हौदात वाढले. ऊन वाढलं, पाणी तापायला लागलं, तेव्हा वर्गानं मतदान घेतलं आणि सगळे मासे गावच्या पाझर तलावात सोडले. अजीजुन्निसा चाचींना ही बातमी सांगायचं काम राजकुमारवर आलं. त्या देग उचलून आत घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी मॅडम वर्गात आल्या तर उंबऱ्यावर तानुबाई बसलेल्या. वेचणी कधीचीच संपली होती, हौद रिकामा होता. मॅडमना वाटलं, आजींना कोणी सांगितलं नाही.

"आजी, मासे गेले ना तलावात."

"मालूम आहे. म्याच तं बादली धरली." तानुबाई पदर सावरत म्हणाल्या. "आता काय शिकवता?"

"आज हवेचा दाब."

"ते काय असते?"

"बसा, सांगते. मग उद्या अपूर्णांक."

"ते काय असते?"

मॅडमनी फळ्यावर एक वर्तुळ काढलं, त्याचे चार भाग केले, तीन भरले, एक सोडला आणि समजावून सांगितलं. तानुबाईंनी लक्ष देऊन ऐकलं.

"बरं," त्या म्हणाल्या, "मंग आज बसतो. हे तं समजलं, उद्या नाही. परवा येतो."